कौतिकाबाईचं मीठ

मी चाळीसहून अधिक वर्षं वैद्यकी केली आणि एवढ्या काळात माझं औषध एकदाही चुकलं नाही. चुकलं ते पथ्य. रोगी उठून बसला तर औषधाचा गुण, आणि उठला नाही तर घरात कुणीतरी पथ्य मोडलं, ह्या एका वाक्यावर आमचा सगळा धंदा उभा आहे. हे वाचून गावोगावचे वैद्य मला शिव्या देतील. द्याव्यात. माझे पाय सुजलेत, त्यांच्यामागे धावता यायचं नाही.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी मला ‘गुण आलेल्या रोग्यांच्या हकिकती’ मागितल्या. गुण आलेले रोगी अजून हिंडते-फिरते आहेत, त्यांनाच विचारा, ते माझ्यापेक्षा वाढवून सांगतील. मी सांगणार आहे ती एका रोग्याच्या बायकोची गोष्ट. ती माझी रोगी कधीच नव्हती. तिची नाडी मी एकदाही पाहिली नाही, आणि तरी तिचं जेवढं वाटोळं माझ्या हातून झालं तेवढं कुठल्याही रोग्याचं झालं नसेल.

तो काळ कापसाच्या चढत्या भावाचा होता. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेतल्या गिरण्या उपाशी, आणि त्यांचं पोट भरायचं काम आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीकडे आलेलं. अमरावतीच्या बाजारातली गाड्यांची रांग गावाबाहेर जायची. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. पैसा आला की दुखणीही ऐटीत येतात. पोट दुखलं की ओवा चावून झोपणारा माणूस आता वैद्याला आणायला बैलांची दमणी पाठवू लागला. मी तेव्हा पंचविशीतला, काकांच्या हाताखाली शिकून नुकताच मोकळा झालेला, आणि दमणीत बसायला फार उत्सुक.

पुंजाजीची दमणी त्यातलीच एक. पुंजाजी कापसाचा दलाल होता. दलाल भाव ठरवतात तो रुमालाखाली हात घालून, एकमेकांची बोटं दाबून. तोंडाने काही बोलायचं नाही, म्हणजे भोवतीच्या लोकांना कळत नाही. तोंडाला काम नसल्यामुळे पुंजाजीने ते तंबाखूला देऊन टाकलं होतं. चुना-तंबाखूची गोळी सकाळी उजव्या गालात बसायची ती तिथेच मुक्कामाला. त्याच जागी त्याला फोड आला, तो भरला नाही, आणि आतून गाठ धरली.

मी त्याच्या तोंडाजवळ दिवा धरला आणि मला कळलं. ग्रंथात ह्याला अर्बुद म्हणतात, लोक गाठ म्हणतात, आताचे दवाखान्यातले डॉक्टर कॅन्सर म्हणतात. ह्यांतल्या कुणालाच ती बरी करता येत नाही, मात्र नाव घेताना सगळे आवाज सारखाच खोल काढतात. काकांनी शिकवलं होतं की असाध्य रोगी हात जोडून सोडावा. पण मी सोडला तर तो दुसऱ्या वैद्याकडे जाणार, आणि दुसरा वैद्य समोरच्याच गल्लीत बसत होता. म्हणून मी त्रिफळ्याच्या गुळण्या सांगितल्या, हळद-तुपाचा लेप सांगितला आणि पथ्य सांगितलं: तेल नाही, तिखट नाही, आंबट नाही, आणि मीठ तर अजिबात नाही. अलोणी मुगाची पेज तेवढी.

पथ्याचा एक उपयोग बाहेरच्यांना माहीत नसतो. ते जितकं कडक तितकी वैद्याची अब्रू सुरक्षित. कारण कडक पथ्य कधी ना कधी मोडतंच.

आता ह्या घरातल्या चुलीबद्दल सांगायला हवं. पुंजाजीची बायको कौतिका. मूलबाळ नव्हतं. घरात ती, पुंजाजी आणि पुंजाजीची आई. पुंजाजीला अलोणं म्हटल्यावर चुलीवर अलोणं शिजू लागलं. म्हातारी आपल्या पेजेत लोणच्याची फोड बुडवून खायची. तिला कोण बोलणार! पण नवरा अलोणं खातो आणि बायको चवीने जेवते हे आमच्याकडे शोभत नाही. तिच्यासाठी वेगळं गाडगं चढवावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, तिच्या स्वतःच्याही नाही. नवऱ्याने टाकलेली पेज ती प्यायची, आणि त्यावर दिवस काढायची. वऱ्हाडातला उन्हाळा, विहिरीचं पाणी, गाड्या भरणाऱ्या मजुरांच्या भाकरी, आणि पुंजाजीचं सगळं.

‘सगळं’ म्हणजे काय ते सांगतो, कारण आम्ही वैद्य तेवढं सोडून बाकी सगळं सांगतो. गाल आतून सडत गेला की वास येतो. ओसरीवर मित्रांचा दरबार भरायचा, पण आतल्या खोलीचा उंबरा कुणी ओलांडत नसे. चिंध्या ती धुवायची, गुळण्या ती करवायची, लाळ ती पुसायची. येणारा प्रत्येक जण बाहेरून विचारायचा, “कसं हाय गा पुंजाजी?” आणि जाताना तिला सांगायचा, “जप व माय त्याले.” तिला कुणी काही विचारलं असं मला आठवत नाही. माझ्यासकट.

एकदा तिनेच विचारलं. मी ओसरीवर पान खात बसलो होतो, भोवती पाच-सहा दलाल. ती दाराआड उभी राहून म्हणाली, “वैदबुवा, मायीबी नाडी पाहा ना. पायात गोळे येतात. उभं राह्यलं का अंधारी येते.”

मी म्हणालो, “तुले काय होते? तू त घोडीवानी हाय!”

दलाल हसले. मीही हसलो. दार लागलं.

पायात गोळे आणि डोळ्यांपुढे अंधारी. घाम गाळणाऱ्या अंगाला मीठ मिळालं नाही की हेच होतं, हे उन्हात मातीचं काम करणाऱ्या गवंड्यांना मी रोज सांगत होतो. ताकात मीठ टाकून प्या म्हणायचो. गवंडी पुरुष होते.

त्याच दिवसांत बाजाराच्या मागच्या गल्लीत रहमान पिंजारी राहत होता. त्याच्या बायकोच्या, जैतूनच्या, छातीत तसलीच गाठ, आणि पथ्यही माझंच. घरात दुसरी बाईमाणूस नव्हती, म्हणून रहमानभाईच तिचं करायचा. पाणी तापवायचा, कापड बदलायचा, तिला उठवून बसवायचा. गल्लीत केवढं कौतुक! “मर्द असून करते हो बिचारा.” कौतिका तेच करत होती, पण मासोळी पोहते म्हणून कुणी टाळ्या वाजवतं का? प्रत्येक घरातून रहमानभाईकडे सालन यायचं, मीठ-मिरची सढळ. जैतून अलोण्यावर झिजत गेली आणि रहमानभाईला पोट सुटलं. मीही त्याला न मागता च्यवनप्राश दिला आणि म्हणालो, “तुम्ही टिकलात तर ती टिकेल.” हे वाक्य पुंजाजीच्या घरी मला सुचलं नव्हतं.

पण रहमानभाईचं सुख तेवढ्याच मापाचं होतं. जैतून जिवंत असतानाच लोक दुसऱ्या निकाहच्या गोष्टी घेऊन येऊ लागले. असा कुणी आला की तो धनुकली उचलून एवढ्या जोरात कापूस पिंजायचा की बोलणाऱ्याचं बोलणं तारेच्या आवाजात बुडून जायचं. डोळे कायम लाल. विचारलं तर म्हणायचा, “रुई गई आँख में.” एक दिवस पिंजता पिंजता थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “खाना खाये क्या, ये सब पूछते बैदजी. डर लगता क्या, ये कोई नहीं पूछता.”

मी त्यालाही काही विचारलं नाही. च्यवनप्राशाची आणखी एक बरणी दिली. बाईचं दुखणं मला दिसत नव्हतं आणि पुरुषाचं मला चाटवता येत होतं, एवढाच काय तो फरक.

मग गोठ्यातली गोष्ट झाली. आमच्याकडे बैलांना आंबोणात मीठ देतात. पुंजाजीच्या चांदीच्या शेंब्यांच्या बैलांनाही मिळायचं, कारण बैल अशक्त झाला तर गाडी कोण ओढणार? म्हातारी काही कामाने गोठ्यात गेली, तर कौतिका गव्हाणीशी बसून बैलांच्या मिठाचा खडा चाटत होती.

म्हातारीने जी बोंब मारली ती बाजारापर्यंत गेली. “धावा रे! मायं पोट्टं अलोनं खाऊन मरून राहिलं, आन हे सटवी मीठ चाटून राहिली!”

माणसं जमली. कौतिकाच्या ओठांना मीठ लागलेलं होतं. ती उठली, आत गेली आणि पुंजाजीची गुळणी करून घेतली, कारण त्याची वेळ झाली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुंजाजी गेला. रात्रीतून गालातून रक्त सुटलं ते थांबलंच नाही. दहाव्याला मी गेलो होतो. सगळे दलाल, भाऊबंद, म्हातारी, आणि कोपऱ्यात कपाळ पांढरं झालेली कौतिका. एका भाऊबंदाने मला सगळ्यांसमोर विचारलं, “वैदबुवा, बाईनं मीठ खाल्लं म्हणूनच झालं ना हे?”

सगळे माझ्याकडे बघत होते. कौतिकाही. तिने कधी वर नजर करून माझ्याकडे पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. सरळ उत्तर होतं. बायकोच्या पोटातलं मीठ नवऱ्याच्या गालात जात नाही, हे सांगायला ग्रंथ लागत नाही. पण मग पुढचा प्रश्न आला असता: मग तुमच्या औषधाने तो बरा का झाला नाही?

मी गंभीर आवाज काढला आणि म्हणालो, “शेवटी पथ्य ते पथ्य.”

हे मी खोटं बोललो असं कुणालाही म्हणता येणार नाही. म्हणूनच ते इतकं नीच होतं. भाऊबंदांना घर हवंच होतं. कौतिकाला तिच्या माहेरी, अंजनगाव सुर्जीला, नेऊन सोडलं. तिचं नाव पडलं ‘मीठखाऊ’.

आणि माझ्या वैद्यकीने जोर धरला. पुंजाजीला गुण येत होता पण बायकोने घालवला, ही बातमी कापसाच्या गाड्यांबरोबर वऱ्हाडभर गेली. पुढे रेल्वे आली तसा मी अकोल्याला बिऱ्हाड हलवलं, तर ती बातमी माझ्याआधी तिथे पोचलेली. कुठल्याही घरात नवरा अंथरुणाला खिळला की सासू सुनेला बजावायची, “पाह्य बरं, मीठखाऊ होशीन!” आणि सुना भीतीने अलोणं खायच्या. मी अंथरुणावरच्या माणसाची नाडी बघायचो आणि दाराशी एक बाई भिंतीला धरून उभी असायची. पायात गोळे, डोळ्यांखाली काळं. घर बदलायचं, गाव बदलायचं, बाई तीच.

शेवटी मी एक युक्ती काढली. खरं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून दुसरं खोटं बोललो. औषध देताना दम भरायला लागलो की सेवा करणाऱ्या बाईने दोन्ही वेळ मीठ-तेल घालून जेवायला हवं आणि दुपारी घटकाभर पडायला हवं, नाहीतर औषध लागू पडत नाही. ग्रंथात तसं आहे. ग्रंथात तसलं काही नाही. पण काय गुण आला म्हणता! अकोल्याचा एक म्हातारा सुनेसमोर मिठाची वाटी घेऊन उभा राहिलेला मी स्वतः पाहिला आहे. “खाय व माय, खाय! तू अलोनं खाल्लं त मायं पोट्टं मरन!” सुनेला मीठ मिळालं, पण मिळालं ते पोट्ट्यासाठी. बैलाला गाडीसाठी मिळतं तसंच. मला तेवढंच जमलं.

आणि बायकोची सेवा करणारा पुरुष असेल तर त्याला सांगायचो की तू रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बस, त्याशिवाय पुढची पुडी मिळणार नाही. यायचे. आधी कापसाचा भाव बोलायचे, मग बैलांचं, आणि मग केव्हातरी रडायचे. मी डोळ्यात धूळ गेली का म्हणून विचारायचो. रहमानभाईकडून मी एवढं तरी शिकलो होतो. तो जैतून गेल्यावर गल्ली सोडून गेला. त्याने दुसरा निकाह केला नाही, आणि मीही त्याला कधी ‘भीती वाटते का’ असं विचारलं नाही.

ह्या दोन खोट्यांवर माझं आयुष्य बरं चाललं असतं. पण गेल्या साली माझेच पाय सुजले. माझा मुलगा आता वैद्यकी बघतो. त्याने मला अलोणं सांगितलं, आणि मी पहिल्यांदा माझं स्वतःचं पथ्य खाल्लं. वाचकहो, माफी असावी. ती पेज माणसाने खायची वस्तू नाही. काही दिवसांनी बघतो तर बायकोच्या ताटातही तीच पेज. मी म्हणालो, “तू कशाला? तुझे पाय कुठे सुजलेत?”

ती म्हणाली, “ह्या वयात मीठखाऊ म्हणवून घेऊ?”

माझ्या घरात. माझ्या बायकोच्या तोंडी. मी मुलाला गाडी जुंपायला सांगितलं आणि अंजनगावला गेलो.

अंजनगावला पानमळे आहेत. कौतिकाबाई भावाच्या मळ्यात सावलीला बसून विड्याची पानं निवडत होती. पार वाळून गेलेली, पण हात झरझर चालत होते.

“कोन व्हय?”

“अमरावतीचा वैद्य. पुंजाजीचा.”

हात थांबले नाहीत. “अजून जित्ते हा? सोताचं औषध नसन घेतलं कदी.”

मी गाडीत बसून घोकलेलं भाषण सुरू केलं. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, तुम्ही मीठ खाल्लंत त्याचा आणि पुंजाजीच्या मरणाचा काही संबंध नव्हता, आता मी हे छापून आणणार आहे, वगैरे. तिने ऐकून घेतलं.

“म्या खाल्लं त्याचं काय सांगता?” ती म्हणाली. “ते त मलेबी समजते. त्यायले चारलं त्याचं सांगा.”

मला कळेना.

“शेवटी शेवटी बोलता येत नोयतं त्यायले. दलाल रुमालाखाली बोटं दाबत ना, तसं मायं बोट दाबत. एक डाव दाबलं का पानी. दोन डाव दाबलं का कूस बदल. एक दिवस दाबत राह्यले, दाबत राह्यले. म्या समजली, मीठ मागून राह्यले. चिमूटभर जिभेवर ठिवलं.” आता तिचे हात थांबले होते. “हासले वो. त्या फाटक्या तोंडानं हासले. आन दुसऱ्या दिवशी गेले.”

मळ्यातलं पाणी पाटाने वाहत होतं.

“कोनाले इचारू? मले मीठखाऊ म्हननाऱ्यायले? आता तुमी आलेच हा त सांगा, वैदबुवा. म्या मारलं का त्यायले?”

“नाही,” मी म्हणालो. “तो वाचणारच नव्हता. पहिल्या दिवशी तोंडात दिवा धरला तेव्हाच मला माहीत होतं.”

“पयल्या दिवशी?”

“हो.”

“आन तरी अलोनं सांगतलं?”

“हो.”

ती माझ्याकडे बघत राहिली. दहाव्याला बघितलं होतं तशीच.

“म्हन्जे ते सारे दिवस त्यायले मीठ देता आलं असतं.”

ह्याला मी ‘हो’ म्हणालो की नुसती मान हलवली ते मला आठवत नाही. मी माफीचा शब्द काढला तेव्हा ती म्हणाली, “मुडदा बसो तुया, वैद्या.” हे जसंच्या तसं छापावं, अशी संपादकांना विनंती आहे. चाळीस वर्षांत माझ्या वैद्यकीला मिळालेलं एवढं एकच खरं प्रशस्तिपत्र आहे.

मग तिने झोपडीकडे तोंड करून भावजयीला हाक मारली. “मीठ आन व.”

भावजय मिठाचं गाडगं घेऊन बाहेर आली, पण देईना. मला म्हणाली, “काय सांगतलं तुमी यायले? नवरा गेला त्या दिवसापासून मीठ सोडेल हाय यायनं. सनावारालेबी नाई खात. आमी हात जोडून थकलो.”

सगळं वऱ्हाड ज्या बाईला मीठखाऊ म्हणत होतं तिने चाळीस वर्षं मीठ खाल्लं नव्हतं.

कौतिकाबाईने गाडगं ओढून घेतलं, एक खडा उचलला आणि जिभेवर ठेवला. डोळे मिटले. मग तोंड वाकडं केलं. “लय खारट लागते व माय,” ती भावजयीला म्हणाली, आणि दुसरा खडा घेतला. मग तिसरा.

जन्माची खोड. माझ्या तोंडून निघून गेलं, “जरा बेतानं, कौतिकाबाई.”

तिने एक डोळा उघडला.

“उठा,” ती म्हणाली. “तुमी उठा आता इथून.”